हिशेबापासून ‘हेसाप’पर्यंत : मराठी माणसासाठी तुर्की शब्दांची पहिली वाट

इस्तंबूलच्या कुठल्याही साध्या खानावळीत जेवण आटोपल्यावर वेटरकडे बघून ‘हेसाप’ एवढंच म्हटलं तरी तो बिल आणून ठेवतो. शब्द आपलाच आहे, हिशेब. शेजारच्या गल्लीत ओझं वाहणाऱ्या माणसाला तिथे ‘हामाल’ म्हणतात. दुकानाला ‘दुक्क्यान’, साबणाला ‘साबुन’, बदामाला ‘बादेम’. तुर्की शिकायला बसलेल्या मराठी माणसाजवळ पहिल्याच दिवशी काहीशे शब्दांचं भांडवल असतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. उर्दू थोडीफार कानावरून गेलेली असेल तर हे भांडवल आणखी वाढतं.

हा लेख त्या भांडवलाचा उपयोग कसा करायचा याबद्दल आहे. कुणी तुर्की मालिका बघून या भाषेकडे वळतं, कुणी शिक्षणासाठी जातं, कुणी फिरायला. सगळ्यांना एकच विनंती: परका शब्द समोर आला की पाठ करायला घेण्याआधी तो आपल्या घरात आधीच आहे का ते बघा. असला, तर त्याचा अर्थ मात्र तिथल्या माणसाला विचारून घ्या. कारण शब्द तोच राहिला तरी अर्थ वाटेत बदलले आहेत, आणि कसे बदलले ते बघण्यात शिकण्याचा निम्मा आनंद आहे.

पायरी १ : नातं नीट समजून घ्या

तुर्की ही उर्दूची आई आहे असा एक सर्रास समज आहे. तसं नाही. उर्दूचं व्याकरण हिंदी-मराठीच्या कुळातलं. तुर्की मध्य आशियातून आलेली. अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, कझाक या तिच्या बहिणी. रक्ताचं नातं नसलेल्या या दोघींनी शब्दांची खरेदी मात्र एकाच पेठेत केली. ती पेठ फारसीची, आणि फारसीच्या गोदामात अरबीचा प्रचंड माल होता.

१०७१ साली मलाझगिर्तची लढाई जिंकून सेल्जुक तुर्क आनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, पसरले, तेव्हा त्यांच्या दरबारात फारसी चालत होती. पुढे उस्मानी (ऑटोमन) राजवटीत दफ्तरी तुर्की भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरून गेली. इकडे दिल्लीत १२०६ पासून तुर्क वंशाचे सुलतान आले, पण कारभार फारसीत. १३४७ मध्ये दख्खनेत बहमनी राज्य झालं आणि तीच फारसी आपल्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यापर्यंत पोचली. म्हणून इस्तंबूलचा दुकानदार आणि साताऱ्याचा तलाठी एकमेकांना न भेटता एकच ‘हिशेब’ बोलतात.

आता ‘उर्दू’ हा शब्द स्वतः तुर्की आहे, एवढं खरं. तुर्कीत ‘ओर्दु’ म्हणजे सैन्य, पूर्वी छावणी. आजही तुर्कीत लष्कराला ओर्दुच म्हणतात आणि काळ्या समुद्राकाठी त्याच नावाचं शहर आहे.

पायरी २ : अक्षरं एका संध्याकाळी उरका

१ नोव्हेंबर १९२८ ला कायदा करून तुर्कस्तानने अरबी लिपी सोडली आणि रोमन लिपी घेतली. एकूण अक्षरं २९. लिहितात तसं वाचतात, त्यामुळे इंग्रजीसारखा जाच नाही. थोड्या खुणा लक्षात ठेवा.

इंग्रजी सी हे अक्षर ‘ज’. त्याला खाली शेपटी लावली की ‘च’. एसला शेपटी लावली की ‘श’. जीच्या डोक्यावर वाटी ठेवली की ते अक्षर जवळजवळ बोलायचंच नाही, आधीचा स्वर जरा लांबवायचा. आय दोन आहेत. टिंबवाला आपला ‘इ’. बिनटिंबवाला जरा अवघड: ओठ अजिबात गोल न करता ‘उ’ म्हणून बघा. या लेखात सोयीसाठी तोही मी ‘इ’नेच लिहिला आहे. टिंबवाले ओ आणि यू आणखी दोन. ‘ए’ म्हणताना ओठांचा चंबू केला की एक येतो, ‘ई’ म्हणताना केला की दुसरा.

एक गोष्ट खास मराठी जिभेसाठी. आपल्याकडे च आणि ज दोन तऱ्हांचे: ‘चहा’तला वेगळा, ‘चमच्या’तला पहिला वेगळा, ‘जिल्हा’ वेगळा, ‘जाळं’ वेगळं. तुर्कीत नेहमी ‘चहा’तला च आणि ‘जिल्ह्या’तला ज. आणि ‘माझा’मधला झ तुर्कीत भरपूर येतो, तो मी झ नेच लिहिलाय. हे सांभाळलंत की उच्चार साफ होतो.

पायरी ३ : शब्द कसे वळतात ते कानाने पकडा

उर्दू किंवा मराठी शब्द तुर्कीत गेला की कसा दिसेल याचे चार-पाच ठोकताळे आहेत. हे जमले की अनोळखी पाटीवरचा शब्दही ओळखीचा वाटायला लागतो.

शब्दाच्या शेवटी ब, द, ज आला की तुर्की त्याला बहुतेक वेळा प, त, च करते. किताबचा ‘किताप’, जवाबचा ‘जेवाप’, अहमदचा ‘आहमेत’. पण पुढे स्वराचा प्रत्यय लागला की लपलेलं अक्षर परत येतं: किताप, पण ‘किताबि’. इथे एक सुंदर उदाहरण आहे कागदाचं. तुर्कीत ‘क्याइत’, प्रत्यय लागला की ‘क्याइदि’. म्हणजे मूळचा द. उर्दूत हा शब्द काग़ज़ झाला, आपण मात्र द ठेवला: कागद. जुन्या फारसीत दोन्ही रूपं होती. या एका शब्दात मराठी उर्दूपेक्षा तुर्कीच्या जवळ आहे.

ख आणि ह यांचा एकच ‘ह’ होतो. खबर ‘हाबेर’, हफ्ता ‘हाफ्ता’.

पुष्कळ जोडाक्षरं तुर्की जिभेला शब्दाच्या शेवटी नको असतात, मध्ये स्वर घालून ती मोडतात. अक्ल ‘आकिल’, फिक्र ‘फिकिर’, वक्त ‘वाकित’, शहर ‘शेहिर’. आपण तरी काय केलं? अक्कल, फिकीर, वखत. अडचण सारखी, तोडगाही सारखा. प्रत्यय लागला की तो घातलेला स्वर तुर्कीत गळतो: ‘आकिल’, पण माझी अक्कल म्हणजे ‘आक्लिम’.

आणि ‘अ’चा पुष्कळदा ‘ए’ होतो. कलम ‘कालेम’, दफ्तर ‘देफ्तेर’ (तिथे अर्थ वही), पडदा ‘पेर्दे’.

एवढ्यावर स्वतःची परीक्षा घ्या. ‘ताझे’, ‘रेंक’, ‘दोस्त’, ‘दूश्मान’, ‘दून्या’, ‘इन्सान’, ‘शेकेर’, ‘हावा’. आठही ओळखले असतील. हवा तर अगदी आपल्यासारखी वापरतात. ‘आज हवा छान आहे’ हे तुर्कीत ‘बुगून हावा गूझेल’, म्हणजे हावा याचा अर्थ श्वासातली हवा आणि हवामान दोन्ही.

पायरी ४ : पहिली वही बाजारात भरा

नवा माणूस बहुधा पाठ्यपुस्तकातला पहिला धडा उघडून ‘माझं नाव अमुक’ यापासून सुरू करतो. ते कराच. पण शब्दांची वही मंडईपासून सुरू करा, कारण तिथे ओळखीचे चेहरे जास्त आहेत. वहीला तीन रकाने पाडा: तुर्की शब्द, आपला शब्द, आणि तिथला नेमका अर्थ. तिसरा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. दोन शब्द सारखे दिसले म्हणून तिसरा रकाना सोडून दिला की पुढे हमखास फसगत होते.

चहा ‘चाय’, पुलाव ‘पिलाव’, हलवा ‘हेल्वा’, अंजीर ‘इंजिर’, अनार ‘नार’. ‘पेय्निर’ म्हणजे पनीर, पण तिथे हा शब्द सगळ्या चीजना. ‘सेब्झे’ म्हणजे भाजी, मूळ फारसी ‘सब्ज’, हिरवं. ‘चोर्बा’ म्हणजे सूप, आपल्याकडचा शोरबा.

‘मेय्वे’ या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो होतो. हा आपला मेवा. आपल्याकडे मेवा म्हटलं की सुकामेवा, दिवाळीची परडी, मेवामिठाई. तुर्कीत मात्र मेय्वे म्हणजे कुठलंही फळ, ताजं सफरचंदसुद्धा. मग आठवला ‘रानमेवा’. करवंदं, जांभळं, बोरं, आवळे. मेव्याचा तो मूळ अर्थ आपल्या रानात अजून जिवंत आहे, शहरातल्या दुकानात तो वाळला. असा शब्द एकदा सापडला की पाठ करावा लागत नाही.

खिमा आणि कोर्मा मात्र उलट दिशेने आलेले, हे अस्सल तुर्की. ‘किय्माक’ म्हणजे बारीक चिरणं, त्यावरून ‘किय्मा’. ‘कावुर्माक’ म्हणजे परतणं, त्यावरून ‘कावुर्मा’, आपल्याकडे कोर्मा. आणि वांगं? तुर्कीत ‘पात्लिजान’. संस्कृतातला ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाला, अरबीत गेला, तिथून तुर्कीत पात्लिजान. मिरी ‘बिबेर’, तिचं मूळ ग्रीकमार्गे आपल्या पिंपळीपर्यंत जातं. म्हणजे माल दोन्हीकडून आला-गेला.

‘हिंदि’ शब्दाने गोंधळू नका. तुर्कीत हिंदि म्हणजे टर्की हा पक्षी! आपला देश ‘हिंदिस्तान’, आपण ‘हिंत्ली’, हिंदी भाषा ‘हिंत्चे’. नारळाला म्हणतात ‘हिंदिस्तान जेविझि’, हिंदुस्तानचा अक्रोड. ‘मी हिंदि आहे’ असं ओळख करून देताना म्हणू नये, एवढं पहिल्या दिवशी शिकावं.

पायरी ५ : शेपट्या ओळखा

एक एक शब्द गोळा करण्यापेक्षा शब्दांची शेपटी ओळखली तर एकदम डझनभर हाती लागतात.

‘हाने’ म्हणजे आपला खाना: कारखाना, दवाखाना, छापखाना. तुर्कीत ‘कूतूपहाने’ ग्रंथालय (उर्दूत कुतुबखाना), ‘पोस्ताने’ टपाल कचेरी, ‘एज्झाने’ औषधांचं दुकान, ‘हास्ताने’ रुग्णालय. हास्तानेतला ‘हास्ता’ म्हणजे आजारी. फारसीतला ख़स्ता, थकलेला, मोडलेला. आपण ‘खस्ता हालत’ म्हणतो तोच.

इस्तंबूलमध्ये बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठी ‘तोपहाने’ नावाची वस्ती आहे. उस्मानी काळात तिथे तोफा ओतत. अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या अहमदनगरात, तोफखाना हा भाग आजही आहे. दोन्ही नावं एकच. ‘तोप’ हा तुर्की शब्द. आज तिथली पोरं चेंडूला तोप म्हणतात, पण तोपकापि राजवाड्याच्या नावात ती तोफच आहे. आणि हा धागा नुसत्या शब्दांचा नाही. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली, आणि ती ओतणारा ‘रूमी’ होता. रूम म्हणजे तेव्हा उस्मानी मुलूख. दख्खनेत तोफा ओतायला तिकडचे कारागीर येत होते, सोबत शब्द येत होते. त्या तोफेच्या नावातलं मैदानही तुर्कीत आहे: ‘मेय्दान’, अर्थ शहरातला चौक.

दुसरी शेपटी ‘जि’ किंवा ‘चि’, म्हणजे अमुक काम करणारा. तोपची, मशालजी, नगारची यांतली. ही अस्सल तुर्की, आणि तिथे अजून रोज नवे शब्द घडवते: ‘चायजि’ चहावाला, ‘सूत्चू’ दूधवाला, ‘बालिक्चि’ कोळी किंवा मासेवाला. आधीच्या स्वराप्रमाणे तिचा स्वर बदलतो. तुर्कीत जवळजवळ सगळे प्रत्यय असेच शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतात. तिसरी शेपटी ‘दार’: तुर्कीत प्रांताच्या आर्थिक कारभाराचा अधिकारी ‘देफ्तेर्दार’, मराठेशाहीतला दफ्तरदार.

पायरी ६ : इथे हळू चाला

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. शब्द ओळखीचा, अर्थ परका. नवख्या माणसाचा घात इथे होतो, आणि शब्दांचा इतिहासही इथेच उघडा पडतो. मी हे शब्द वहीत लाल शाईने लिहिले आहेत.

‘तेक्रार’ म्हणजे पुन्हा. एखादा शब्द कळला नाही तर ‘तेक्रार’ म्हणा, समोरचा परत सांगेल. मूळ अरबी अर्थ पुनरावृत्ती. उर्दूत तकरार म्हणजे तेच तेच बोलून होणारी वादावादी, आणि आपल्याकडे तक्रार. तिन्ही भाषा ओळीने ठेवल्या की अर्थ कसा घसरत आला ते दिसतं. आपली तक्रार तुर्कीत ‘शिक्यायेत’, उर्दूची शिकायत.

‘राकाम’ म्हणजे आकडा, शून्य ते नऊ मधला अंक. आपली रक्कम म्हणजे पैसे. ‘एमानेत’ म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. बसस्थानकावर सामान ठेवायच्या खिडकीवर ही पाटी असते. आपण त्याच शब्दाची अक्षरं उलटसुलट करून अनामत केलं. घर भाड्याने घेताना ‘अनामत रक्कम’ म्हणतो, ते दोन्ही शब्द तुर्कीत आहेत, पण जोडून म्हटले तर तिथे कुणाला डिपॉझिट कळणार नाही.

‘फाकात’ म्हणजे ‘पण’. आपलं फक्त. ‘साहिप’ म्हणजे मालक. ‘दुक्क्यान साहिबि’ दुकानाचा मालक. आपला साहेब तेवढ्यावर थांबला नाही. ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा, उर्दूत प्रवासी. दाराशी आलेला प्रवासी म्हणजे पाहुणाच, त्यामुळे हा अर्थ मनाला लगेच पटतो. ‘हाझिर’ म्हणजे तयार, आपलं हजर म्हणजे समोर असलेला.

‘जानावार’ आणि ‘हायवान’ यांची तर अदलाबदल झाली आहे. तुर्कीत हायवान म्हणजे साधा प्राणी, मांजर-कुत्रा सगळे. जानावार म्हणजे गोष्टीतला राक्षसी पशू. आपल्याकडे जनावर गोठ्यात बांधलेलं असतं आणि हैवान माणसातल्या क्रूराला म्हणतो. कुणाच्या घरच्या मांजरीला प्रेमाने ‘जानावार’ म्हणायला जाऊ नका.

कारभारातले शब्द स्वतंत्र पानावर घ्या. ‘देव्लेत’ म्हणजे राज्य, शासन. आपली दौलत आज संपत्ती, पण जुन्या मराठी कागदांत पेशव्यांची दौलत, शिंद्यांची दौलत म्हणजे त्यांचं राज्यच असतं. ‘आदालेत’ म्हणजे न्याय. आपल्याकडे आणि उर्दूत अदालत म्हणजे न्यायालय. ‘वेकिल’ म्हणजे प्रतिनिधी; खासदार तिथे ‘मिल्लेत्वेकिलि’, लोकांचा वकील. काळ्या कोटातल्या वकिलाला ते ‘आवुकात’ म्हणतात. पेशवाईत दिल्ली-हैदराबादच्या दरबारात असलेला वकील मात्र तुर्की अर्थाचाच, धन्याचा प्रतिनिधी. ‘इमारेत’ म्हणजे उस्मानी काळातलं अन्नछत्र, ‘तामिर’ म्हणजे दुरुस्ती. उर्दूत तामीर म्हणजे बांधकाम. गाडी बिघडली की ‘तामिरजि’ शोधायचा.

आणि ‘गाराझ’. तुर्कीत गाराझ म्हणजे मनात धरलेला डाव, आकस. आपली गरज. मूळ अरबीत हेतू, उद्देश. त्या हेतूचं तिकडे कपट झालं, आपल्याकडे निकड. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण घ्या. तीन शब्दांच्या अस्सल घरगुती म्हणीतले दोन शब्द अरबी मुळाचे, आणि दोन्ही तुर्कीत गाराझ, आकिल म्हणून बसले आहेत. पण ही म्हण तिथे शब्दशः नेली तर आकस धरणाऱ्याला बुद्धी नसते असं काहीतरी होईल.

पायरी ७ : बारके शब्द

उर्दू येणाऱ्यांनी इथे दुप्पट सावध राहावं. ‘बेल्कि’ म्हणजे कदाचित. उर्दू बल्कि नव्हे. ‘मेएर’ म्हणजे ‘अरे, खरं तर तसं होतं तर’, उर्दू मगर नव्हे. ‘चूंकू’ म्हणजे कारण, हा चूंकिच्या जवळ राहिला. ‘एएर’ म्हणजे अगर, जर. ‘हेर’ म्हणजे हर: ‘हेर गून’, दर दिवशी. ‘तामाम’ म्हणजे ‘ठीक आहे, झालं’. दिवसातून शंभरदा ऐकू येईल. आणि ‘हायिर’ म्हणजे नाही. हा उर्दूचा ख़ैर, भलं होवो. सरळ नकार देण्याऐवजी शुभ बोलून नाकारण्याची ही रीत असावी, आणि पुढे तोच नकार झाला. आपण ‘आता त्याची खैर नाही’ म्हणतो त्यातही तोच शब्द आहे.

पायरी ८ : ‘करणे’ जोडा, क्रियापद तयार

तुर्कीत परका शब्द उचलून त्याला ‘एत्मेक’ जोडतात. एत्मेक म्हणजे करणे. ‘काबुल एत्मेक’ कबूल करणे, ‘हिझ्मेत एत्मेक’ सेवा करणे. आपण मदत करणे, माफ करणे, सुरू करणे असंच तर करतो. वाक्यात क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. इंग्रजी माणसाला तुर्की वाक्यरचना उलटी वाटते, मराठी माणसाला घरची.

यातला सगळ्यात उपयोगी तुकडा ‘फार्क एत्मेझ’. चहा की कॉफी? फार्क एत्मेझ. आज की उद्या? फार्क एत्मेझ. फरक पडत नाही. शब्दही तोच, भावही तोच.

दुसरी घरगुती खूण: आपण चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक म्हणतो, उर्दूवाला किताब-विताब. तुर्क म ने करतो. ‘चाय-माय’, ‘किताप-मिताप’. अर्थ तोच, चहा आणि तत्सम.

पायरी ९ : जे फुकट मिळणार नाही ते

आकडे, शरीराचे अवयव, बहुतेक क्रियापदं अस्सल तुर्की आहेत. तिथे उर्दू मदतीला येत नाही. बिर, इकि, ऊच, दर्त, बेश, आल्ति, येदि, सेकिझ, दोकुझ, ओन. हे पाठच करावे लागतात.

पण चहाच्या दुकानात दोन म्हातारे ‘ताव्ला’ खेळत असतील तर जवळ उभे राहा. ताव्ला म्हणजे दोन फाशांचा पटावरचा खेळ. फासे पडले की ते तुर्की आकडे बोलत नाहीत. ‘शेश बेश’ म्हणजे सहा-पाच (यातला बेश तेवढा तुर्की), ‘दूशेश’ म्हणजे दोन्ही फाशांवर सहा. येक, दू, से, जिहार, पेंच, शेश: हे फारसी आकडे, आपल्या एक, दोन, चार, पाच यांचे चुलतभाऊ. बाजारात मोजताना तुर्की आणि खेळताना फारसी, असा हा जुना रिवाज आहे.

वारांतही तेच. ‘चार्शांबा’ बुधवार, ‘पेर्शेंबे’ गुरुवार हे फारसी चौथा आणि पाचवा, ‘जुमा’ शुक्रवार. ‘पाझार’ म्हणजे बाजार, आणि रविवारसुद्धा. त्यामुळे ‘पाझार’ कानावर आलं की वाक्य पूर्ण ऐका.

आपल्या घरात आलेले तुर्की शब्दही वहीत एका कोपऱ्यात मांडा, ते या पायरीवर उभारी देतात. चाकू, कैची, बेगम, एल्गार. आणि चकमक: तुर्कीत ‘चाक्माक’ म्हणजे ठिणगी पाडणं, आणि आज खिशातला लायटर.

पायरी १० : जुना शब्द की नवा?

एवढं वाचून उत्साहाने उर्दूतला प्रत्येक शब्द तुर्कीत ओतायला गेलात तर समोरचा माणूस जरा थबकेल. कारण १९३२ साली स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्द काढून तुर्की धातूंवरून नवे घडवण्याची मोठी मोहीम चालवली. मेक्तेप (मकतब, शाळा) गेलं, ‘ओकुल’ आलं. मुआल्लिम (शिक्षक) गेला, ‘एरेत्मेन’ आला. विमानाचं ताय्यारे गेलं, ‘उचाक’ आलं. बदल इतका खोल गेला की तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक आतातुर्कने १९२७ साली केलेलं सहा दिवसांचं भाषण नंतरच्या पिढ्यांना कळावं म्हणून सोप्या तुर्कीत उतरवून छापावं लागलं.

काही जोड्या मात्र दोन्ही अंगांनी जिवंत राहिल्या: जेवाप आणि यानित, हायात आणि याशाम, शेहिर आणि केंत, सेबेप आणि नेदेन. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धी चालवली. आजही आपल्याकडे तारीख आणि दिनांक, हजर आणि उपस्थित, मदत आणि साहाय्य शेजारी नांदतात, आणि कुठे कोणता वापरायचा ते कुणी शिकवावं लागत नाही. तुर्कीतही तसंच कानाने ठरवा. बोलताना जेवाप बिनधास्त वापरा. बातमीत यानित दिसला तर तो नवा भाऊ आहे हे ओळखा. दोन्ही रूपं वहीत एकाच ओळीत लिहा.

यासाठी तुर्की भाषा संस्थेचा जाळ्यावरचा कोश उघडा ठेवा, फुकट आहे. परक्या शब्दापुढे तो ‘आराप्चा’ किंवा ‘फार्स्चा’ अशी खूण देतो, म्हणजे अरबी, फारसी. ती खूण दिसली की आधी उर्दू आणि मराठीत शोधायचं. मराठी बाजूसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश हाताशी असेल तर फारच उत्तम. आपल्या किती रोजच्या शब्दांचं मूळ तिकडचं आहे ते त्यात पानोपानी दिसतं.

आता वही मिटून हे वाक्य वाचा: ‘मिसाफिर हास्ता, फाकात शिक्यायेत एत्मियोर.’

उर्दू-मराठीच्या भरवशावर वाचलं तर प्रवासी, खस्ता, फक्त, शिकायत असं काहीतरी हाती येतं. नीट वाचलं तर: पाहुणा आजारी आहे, पण तक्रार करत नाही. ‘आहे’ला तुर्कीत वेगळा शब्द लागला नाही, आणि एत्मेकच्या पोटात ‘मि’ घालून नकार झाला.

दुसरं वाक्य जरा लांब: ‘दुक्क्यान साहिबि हेसाप्ताकि राकामि तेक्रार याझ्दि.’ यातलं ‘याझ्दि’ तेवढं अस्सल तुर्की, म्हणजे लिहिला. ‘हेसाप-ता-कि’ तोडून बघा: हिशेबा-त-ला. तुकड्याला तुकडा. दुकानाच्या मालकाने हिशेबातला आकडा पुन्हा लिहिला.